एकच व्यक्ती

जर्मनीला जायचं तर आधी
निफाडला जावं लागतं.
जन्म तिथला. आईचं माहेर, सरकारी दवाखाना,
आणि नोंद घालायला गेलेला मामा,
ज्यानं आईच्या रकान्यात
सवयीनं लिहून टाकलं : गोदावरी.

पासपोर्टात आई अलका आहे.
रेशन कार्डात अलका, गॅसच्या पुस्तकात अलका,
माझ्या नर्सिंगच्या अर्जापासून सगळीकडे अलका.
एजन्सीची बाई फोनवर म्हणाली,
मॅडम, तुम्हाला दोन आया दिसतायत.
एक कमी करावी लागेल.

बाबांनी चष्मा पुसला.
एकतीस वर्षं नाशिक रोडच्या प्रेसमध्ये काढलेला माणूस.
लोकांचे पासपोर्ट छापले, स्टॅम्प पेपर छापले,
एक आकडा वाकडा पडला की
हातातलं सगळं थांबवून मोजायचं पहिल्यापासून.
संध्याकाळी गेटवर झडती, रिकामा डबासुद्धा उघडून.
स्वतःचा पासपोर्ट काढला नाही कधी.
कुठं जायचंय, म्हणायचे.

याच माणसानं लग्नात
ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलं होतं अलका.
अलकाच का, हे आता त्यांना आठवत नाही.
आत्या म्हणत होती सुनंदा ठेव,
तिला नाही म्हणायचं होतं, एवढंच आठवतं.

मी चेष्टेत विचारलं,
त्या तांदळाची सर्टिफाइड कॉपी मिळेल का कुठे?
कुणी हसलं नाही.
त्याचा भात झाला दुसऱ्या दिवशी, आई म्हणाली.
मीच वाढला.

सीबीएसला, कोर्टाच्या भिंतीशी
रत्नपारखींचं टेबल : एक छत्री, एक कॉम्प्युटर,
बॅटरीवर विटेचा तुकडा.
मजकूर तयारच असतो, ते म्हणाले,
बाईमाणसांचंच काम जास्त येतं यात.
फक्त नावं बदलायची.

बाबांनी स्टॅम्प पेपर चिमटीत धरून चोळला,
उन्हात धरला, आतलं चिन्ह पाहिलं.
आमचाच आहे, म्हणाले,
आणि परगावी ओळखीचं कुणी भेटावं
तसं आम्हाला तिघांनाही जरा बरं वाटलं.

रत्नपारखींनी वाचून दाखवलं, भराभर, श्वास न घेता :
गोदावरी दामोदर बोरस्ते
आणि अलका भास्कर आहेर
ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून
सदरहू व्यक्ती मीच आहे.

परत वाचा, आई म्हणाली.
काही चुकलं का काकू?
नाही. परत वाचा.

मग सही.
दोन्ही नावांनी करा, इथं आणि इथं.
अलका तिनं एका झटक्यात केली,
बँकेत करते तशी, शेवटच्या कान्याला शेपूट काढून.
दुसऱ्या जागी पेन थांबलं.
मागे माणसं उभी होती. कुणीतरी चहा सांगत होतं.
गो काढला. दा काढला.
वेलांटी वळवताना जीभ दातांत धरली तिनं.
चौथीतल्या मुलीचं अक्षर, गोल, पाटीवरचं,
ओळीला घट्ट धरून बसलेलं.
बाबा तिकडे बघत नव्हते.
नोटरीच्या पाटीवरचं नाव वाचत होते, पुन्हा पुन्हा.

शिक्का बसला. शाई जरा फुटली.

अजून बरंच बाकी आहे.
पोलीस दाखला, मुंबईचे शिक्के,
भाषांतरकार, जो ओळीमागे पैसे घेतो,
आणि आईच्या या दोन नावांना जर्मनमध्ये
तीन ओळी लागतात.
वर्षभर तिथलं व्याकरण शिकतेय मी,
टेबलालासुद्धा लिंग आहे त्यांच्याकडे.
या वाक्यातला 'मीच' कसा म्हणायचा,
ते अजून कुणी शिकवलं नाही.

झेरॉक्सच्या दुकानात मी म्हटलं, चार कॉपी.
पाच काढ, आई म्हणाली.
चारच लागतात गं, यादीत आहे.
असू दे.

पाचवी तिनं दुमडली नाही.
पिशवीतली मेथी बाबांच्या हातात दिली,
आणि कागद आडवा, सपाट धरून
नाशिक रोडपर्यंत
बसमध्ये उभी राहिली.